चिझुरू पायऱ्या मोजते

ओसाका, ४ सप्टेंबर १९६२

ती. बाबांस,
इसामूचा शि. सा. न. वि. वि.

वाळवलेल्या अळंब्या पोचल्या. चिझुरूच्या मास्तरांचंही पत्र आलं. पाऊस लागला की पोरगी खिडकीला नाक लावून बसते, हाक मारली तरी ऐकत नाही, म्हणे. घरीही तेच चालत असणार. तुमच्या लाडानं ती वाया चाललीय, असं मी म्हणत नाही. तुमची सून म्हणते. आता आठ वर्षांची झाली. पुढच्या महिन्यात येऊन तिला इकडच्या शाळेत घालतो. तुम्ही मन घट्ट करा.

प्रकृतीस जपावे. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

इसामू

कामितानी, १९ सप्टेंबर

चि. इसामूस,
अ. उ. आ.

आधी सांगतो, आम्ही दोघं धडधाकट आहोत.

शुक्रवारी सकाळपासून धो धो कोसळत होता. शाळेला सुट्टी. चिझुरू खिडकीत, मी टोपली विणत. भाजी धुवायच्या ओढ्याकाठच्या पायऱ्या किती बुडाल्या, ते ती नेहमी मोजते. दुपारी म्हणाली, मघाशी पाच बुडाल्या होत्या, आता तीनच. मी म्हटलं, बरं झालं, उतरतोय पाऊस. तर माझ्यावरच डाफरली, की पागोळ्या बघा, पाऊस तेवढाच आहे, मग पाणी गेलं कुठं?

मी टोपली टाकून उठलो. भर पावसात ओढा उतरला तर वर दरड कोसळून पाणी तुंबलंय, पळत सुटायचं, हे मीच तिला शिकवलेलं. चाळीस वर्षं डोंगरात लाकूड तोडलं आणि मीच विसरलो! जाऊन गावची घंटा बडवली. अकरा घरं देवळाच्या टेकडीवर चढली. शेजारच्या किनूआजी वाटभर कुरकुरत होत्या, की पोरीच्या खेळापायी म्हातारीला भिजवलं. अर्ध्या तासात चिखल, ओंडके, धोंडे खाली आले. किनूआजींचं घर गेलं, आपली न्हाणी गेली. माणूस एकही गेलं नाही. आजींनी पोरीला पोटाशी धरलं ते सोडेनात. मला मात्र म्हणाल्या, तोकुझो, तू नुसताच पिकलास.

मला राग नाही आला रे. गावभर छाती काढून फिरतोय. पण डोंगर का फुटतो, असं चिझुरूनं विचारलं आणि मला सांगता येईना. तेव्हा ये, घेऊन जा. रडणार नाही, असं कबूल करत नाही.

सुनेस आशीर्वाद. म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नये.

तोकुझो

ओसाका, २४ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कारखान्यात मोठ्यानं वाचलं. कोणाची पोर, असं मुकादमानं विचारलं. माझी, म्हणताना ऊर भरून आला आणि लगेच मान खाली गेली. शेजारी बसून तिला बघायला शिकवलंत तुम्ही. मी लांबून पत्रं लिहिली.

तिला शिकवायचं आहेच, पण आजोबांपासून तोडून नव्हे. तुमच्या सुनेनं काल तिच्या मालकांना नोकरी सोडत असल्याचं कळवलं. मी आज माझ्या कारखान्यात कळवलं. महिनाअखेरीस येतो, मुलीला न्यायला नाही.

आम्हा दोघांना ठेवून घ्याल ना?

तुमचा
इसामू