फ्रेमच्या मागचा कागद

कसबा बावडा,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी २००३

प्रिय आक्कास शालूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? नव्या वसाहतीत पाणी रोज येतं का? तुला मी नेहमी कार्डच टाकते, पण कार्ड पोस्टमन वाचतो, म्हणून या वेळी आंतर्देशीय घेतलंय.

आमच्या संयोगितानं तुला पुढच्या रविवारी शाहू स्मारकात प्रदर्शनाला बोलावलंय असं कळलं. ये तू. पण येण्याआधी हे वाच.

पोरगी चित्र काढत नाही, चिकटवते. दाराएवढ्या फळीवर तुमचं बुडालेलं गाव केलंय. सातबाऱ्याच्या झेरॉक्स, धरणाच्या नोटिसा, मोर्च्याची कात्रणं, तू दिलेली सासूबाईंच्या लुगड्याची चिंधी. महिनाभर घरात खळीचा आंबूस वास. मला घास उतरत नाही. त्यात परवा बघते तर जोतिबाचा फोटो कापून पाण्याखाली लावलेला. देवाला कात्री लावली तिनं. तोंडाला येईल ते बोलले तिला.

फोटो आमच्या देव्हाऱ्यातलाच. काचेला तडा गेला, आतून ओल धरली, म्हणून तिला म्हटलं होतं, पंचगंगेत सोडून ये. देवाचा फोटो कचऱ्यात टाकत नाहीत. तिनं तो नदीऐवजी चित्रातल्या पाण्यात सोडला. "मावशीचे देव पण बुडालेच की," म्हणाली.

पण आक्का, फ्रेम उघडताना पुठ्ठ्याआडून घडी घातलेला एक पेपरही निघाला होता. तो तिथं आहे हे मी विसरले होते. विसरायचं म्हणून विसरले होते म्हण. धरणावरच्या लाठीमाराचा फोटो. तुझे मामंजी मातीत पडलेत, हात जोडलेले, आणि वर एक पोलीस, पाठमोरा, काठी उगारून. तोही तिनं लावलाय, मधोमध.

काल जेवायच्या आधी हे फळीपुढं उभे राहिले. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, अजून उभे राहतात ते परेडला राहिल्यासारखे. चष्मा पुसून बघितलं आणि हसले. "डाव्या हातानं हाणणारा आमच्या तुकडीत मी एकटाच. चांगला आलाय की फोटो," म्हणाले. मग रस्सा गरम आहे का विचारलं. मी वाढला. स्वतःच्या हाताची शिसारी आली, तरी वाढला.

संयोगिता ताटावरून उठून माझ्यामागं मोरीत आली. हळू विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

तुला आठवत असेल. मामंजींचा पाय गेला, ते अंथरुणातच वर्षभरात गेले. लाठीमारानंतर तिसऱ्या दिवशी तू माझ्या दारात येऊन ह्यांच्याबद्दल विचारलं होतंस, पावणं होतं का तिथं. मी जोतिबाचा गुलाल कपाळाला लावला आणि शपथ घेतली की हे डोंगरावर यात्रेच्या बंदोबस्ताला होते. तू लगेच मानलंस, माझ्या हातचा चहा घेऊन गेलीस.

यात्रेहून आलेल्या माणसाच्या कपड्यांवर गुलाल असतो. ह्यांच्या सदऱ्यावर रक्त होतं. मीच धुतलं, दोन पाण्यांत.

तो पेपर फाडवेना, समोर ठेववेना. देवामागं सरकवला. नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ मी तिथं उदबत्ती ओवाळली. ती कुणाला ओवाळली?

संयोगिता म्हणाली, "मावशी येणार हाय. काढू का तो? पाणी लावलं की खळ सुटती." माझ्या ओठांवर 'काढ' आलं होतं. तेवढ्यात बाहेर ह्यांनी मोठा ढेकर दिला. मी म्हटलं, राहू दे.

पत्राचा माथा तू बघितला असशीलच. दर वेळी 'जोतिबा प्रसन्न' लिहिते, या वेळी नाही. पेन टेकवलं होतं, परत उचललं.

आलीस तर मी दाराशीच असेन. आधी चित्र बघ, मग माझ्याकडं बघायचं का ते ठरव.

यातलं सगळं खरं आहे. शपथ घेत नाही.

शालू