टोपीची खूण

बलद, जेद्दा
९ फेब्रुवारी १९९१

मेहेरबान जमालुद्दीनभाई यांस धाकटा मेहुणा इसहाक याचा अस्सलामु अलैकुम. मी अल्लाच्या मेहेरबानीने ठणठणीत आहे, तुमचा दमा कसा आहे? माझ्या बहिणीची, सफूराबुबूची, म्हणजे तुमच्या घरच्या सरकारची, कंबर थंडीत धरते ती या साली कितपत धरली? माझ्या घरी कुबराला सांगा की तिचं डिसेंबरचं पत्र मला परवा मिळालं. त्यात सगळी खुशाली आहे, पण दोन महिन्यांमागची खुशाली म्हणजे शिळी भाकरी, पोट भरतं पण चव लागत नाही. लढाईची काळजी करू नका. क्षेपणास्त्रं पडतात ती रियाध आणि दम्मामकडे, जेद्द्यात आजवर वरून पडलेली वस्तू म्हणजे शेजारच्या गच्चीतली पाण्याची टाकी, आणि ती लढाईआधीच पडायला झाली होती.

तुमची तार पोचली. तिच्याकडे येतोच, पण आधी बेसबॉल. (हसू नका. मंडणगडच्या कबड्डीसाठी तुम्ही दोन दिवस दुकान बंद ठेवलं होतं, ते मी कोणाला बोललो नाही.) आमच्या लाँड्रीकडे ऑगस्टनंतर अमेरिकन छावणीचे कपडे येऊ लागले, आणि त्या गाठोड्यांबरोबर एक सार्जंट. तो बोस्टनचा, म्हणून आम्ही त्याला बोस्टनच म्हणायचो. कपडे मोजून होईस्तोवर तो बेसबॉलवर बोलायचा, आणि मला निम्मंच कळतं हे त्याला कधी कळलं नाही. पुढे मीच फौजेचा रेडिओ लावायला लागलो. त्यांच्याकडे रात्री मॅच, तेव्हा इथे फज्रची वेळ. नमाज पढून येऊन बॉयलर पेटवायचा आणि शेवटचा तासभर ऐकायचा. खेळ मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यामुळे माझी मतं अगदी ठाम आहेत.

खेळ सोपा आहे. घरून निघायचं (त्या जागेचं नावच होम), वाटेत तीन गाद्यांना पाय लावायचा आणि परत घरी यायचं. घरी पोचलात तर एक रन. तिसऱ्या गादीपर्यंत जीव तोडून धावलात आणि तिथेच उभे राहिलात, तर वहीत भोपळा. मी बोस्टनला म्हटलं, मग एवढं धावलेलं सगळं फुकट? तो म्हणाला, फुकटच. मला हा नियम जरा जाचक वाटला. दोन-तीन दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

आता टीमांबद्दल. गेल्या मोसमात सगळ्यांचा भरवसा ओकलंडवर होता. आदल्या वर्षीचे विजेते, अंगापिंडाने मजबूत. त्यांनी बोस्टनच्या टीमला ओळीने चार मॅच हरवलं. आमचा सार्जंट त्या आठवड्यात कपडे न मोजताच घेऊन गेला. मग फायनलला ओकलंडची गाठ सिनसिनाटीशी पडली, आणि त्या लालवाल्यांनी ओकलंडला ओळीने चार मॅच धुतलं! पहिल्या दिवसापासून पहिल्या नंबरावर होते बिचारे, पण कोणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. तेव्हापासून रेडिओवरचे जाणकार लढाई किती दिवस चालेल ते सांगू लागले, की मी बॉयलरकडे जातो. शिकागोची एक टीम १९०८ पासून जिंकलेली नाही, तिच्याविषयी मी बोलत नाही. पण माझा जीव जडला तो बोस्टनवर. ते शेवटचे जिंकले १९१८ साली, म्हणजे आपल्या आयच्या जन्माच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून दर वर्षी त्यांची माणसं म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की. सार्जंटचा आजा हेच म्हणत गेला. मी खूप हसलो, मग एकदम थांबलो. चार वर्षं दर रमजानला मी आयला काय लिहितोय ते आठवलं.

या खेळात एक खुणेचा प्रकार आहे, तो तुम्हाला फार आवडेल. तिसऱ्या गादीजवळ त्यांचा एक वडीलधारा उभा असतो. तो धावणाऱ्याला खुणा करतो. नाक चोळतो, कान ओढतो, पट्ट्याला हात लावतो. समोरच्या टीमने बघावं म्हणून हे सगळं खोटं. पण एक खूण ठरलेली असते. सार्जंटच्या गावच्या टीममध्ये ती टोपी होती. टोपीला हात लागला की खरं, धाव घरी.

तर तुमच्या तारा. ऑगस्टात पहिली आली: आई सीरियस, ताबडतोब निघा. मी कफीलपुढे (म्हणजे आमचा अरब मालक, पासपोर्ट त्याच्याकडेच असतो) रडलो, मला बघून तोही रडला, सुट्टीचा कागद तिथल्या तिथे झाला. तेवढ्यात पोस्टातला फोन लागला आणि आय स्वतः बोलली, "माना काय धाड भरलीय? तू जेवलास का ता सांग आधी." कफीलने डोळे पुसून कागद परत घेतला. दुसरी तार आली ती ओकलंड हरलं त्या सकाळी: आई अतिशय सीरियस, डॉक्टर आशा सोडतात, ताबडतोब निघा. ती मी खिशात घातली आणि पुढच्या वर्षी नक्की, असं लिहून टाकलं. तुम्ही माझ्या काळजीने पाठवता हे मला समजतं. रागावलो नाही.

सार्जंट गेल्या महिन्यात उत्तरेला गेला. जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की. तो बोस्टनबद्दल बोलत होता. मी मात्र तो घरी पोचो म्हणून दुआ मागितली.

सर्वांना सलाम, धाकट्यांना दुआ.

तुमचा,
इसहाक

ता. क. सफूराबुबूला कंबरेसाठी मलमाच्या सहा डब्या घेतल्यात.

ता. क. दुसरा. तिसऱ्या तारेबद्दल लिहायचं राहिलं असं नाही, लिहवत नव्हतं. भाई, तुम्ही तारेत पानभर लिहिणारे गृहस्थ. या खेपेला फक्त तीनच शब्द: आई आठवण काढते. सीरियस नाही, डॉक्टर नाही, निघा नाही. आणि आय कधी, कोणाजवळ, माझी आठवण काढते म्हणाली आहे का? फोन चार दिवस लागत नाही. कफीलला तार दाखवायला गेलो तेव्हा वाटलं, आता हा हसणार. त्याने ती वाचून घेतली, पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "यल्ला." म्हणजे, चल, नीघ.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालात टाकत नाही. बाणकोटच्या धक्क्यावर उतरलो की होडीवाल्या अलीच्या हाती तुमच्या दुकानात धाडीन आणि बाहेर चिंचेखाली थांबेन. वाचून झालं की दारात या. तोंडाने काही सांगू नका, मला ऐकवणार नाही. आय असेल, तर नुसता टोपीला हात लावा.