रस्त्यापलीकडचा भाव

माय, आज सकाळी समोरच्यानं युनिट साडेतेराला केलं. समोरच्यानं म्हणजे त्यानं स्वतः नाही, त्याच्या कंपनीनं. पण पाटी त्याच्या दारात लागते, म्हणून शिव्या त्यालाच बसतात. मीही दिल्या. तुझ्याकडूनच शिकलेल्या, त्यामुळे अडखळायचं काम नाही. पण तू गेलीस तेव्हा या रस्त्यावर विजेवर चालणारी गाडी कुणी पाहिली नव्हती, तेव्हा आधी नीट सांगते. नाहीतर म्हणशील, "मास्तरणीवानी कायले बोलून राह्यली वं, सुदं सांग!"

तर सुदं सांगते. गाडी विजेवर चालते. मोबाईलसारखी तिला चार्ज करावी लागते. घरी लावली तर रात्र जाते. रस्त्यावरच्या मोठ्या मशीनला लावली तर माणसाचं खाणंपिणं, हातपाय धुणं होईस्तोवर गाडी तयार. तसं एक मशीन आपल्या हॉटेलच्या अंगणात उभं आहे, जिथं तुझ्या सरपणाची थप्पी असायची तिथं. जागा माझी, विजेची मोठी लाईन ओढून आणली ती मी, डीपी बसवली ती मी. मशीन कंपनीचं, आणि भाव ठरवायचा हक्कही कंपनीचा. विकलेल्या दर युनिटमागे मला ठरलेले पैसे मिळतात. गाडी येवो न येवो, त्या मोठ्या लाईनचं महिन्याचं बांधलेलं बिल मात्र येतंच. आणि रस्त्याच्या पलीकडे, चाचांच्या हॉटेलपुढं, दुसऱ्या कंपनीचं अगदी तसंच मशीन आहे. ते चाचांचा मोठा मुलगा चालवतो. तोच, जो लहानपणी आपल्याकडचा आलुबोंडा खायला मागच्या दारानं यायचा आणि तू त्याला "चाचानं पाह्यलं त दोघाईचे कान कापीन" म्हणत दोन द्यायचीस. मी त्याला भाई म्हणते, तो मला आपा म्हणतो. म्हणत होतो, असं लिहायला पाहिजे. मधले काही महिने आम्ही एकमेकांना काहीच म्हणत नव्हतो.

सुरुवातीला दोघांचा भाव बावीस होता आणि दोघांचं बरं चाललं होतं. मोठा महामार्ग वरून गेल्यावर आपला जुना रस्ता ओस पडला होता, हॉटेलात माशा मारत बसायची पाळी आली होती, ते या मशीननं पुन्हा हलतं केलं. टोल वाचवणारे यायचे, वाशीम-रिसोडकडचे यायचे, लग्नसराईत तर रांग लागायची. मग एक दिवस त्याची पाटी वीसवर आली. संध्याकाळपर्यंत माझ्या कंपनीनं मला न विचारता अठरा केला, आणि तिथून दोघांचे आकडे उतरतच गेले. किन्हीराजा गाव सोडलं की गाडीवाल्याच्या मोबाईलवर आम्ही दोघं शेजारीशेजारी दोन हिरवे ठिपके दिसतो, ठिपक्यावर आकडा. ज्याचा आकडा कमी त्याच्याकडे स्टिअरिंग वळतं. चार आण्याचा फरक असला तरी वळतं. वीस-पंचवीस लाखांची गाडी, आत गारेगार बसलेला माणूस, आणि युनिटमागं चार आणे वाचले म्हणून तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी ओट्यावरून पाहते आणि माझं डोकं असं फिरतं की काय सांगू!

आणि इथं आमच्या दोघांच्या रक्तानं घोळ केला. आम्ही पडलो हॉटेलवाल्यांची लेकरं. भाव कंपनीच्या हातात, मग आपल्या हातात काय? चूल. मला तुझी रीत आठवली. यष्टी थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरला तू पहिली भाकर वाढायचीस, फुकट, वर बेसनावर तेलाची धार. मी एकदा कुरकुरले होते, तर हातातलं उलथनं माझ्याकडे रोखून म्हणालीस, "अवं, त्याच्या मांगं पन्नास पोटं येतात. तो एकटा जेवला त काय आपलं घर बुडते?" तेच धरून मी पाटी लावली: गाडी चार्ज करा, चहा फुकट. दोन दिवसांत पलीकडे पाटी: चहा-पोहे फुकट. मी पोह्यांवर तर्री दिली. त्यानं खिचडी सुरू केली. मी भाकर, बेसन, ठेचा. त्यानं शुक्रवारी बिर्याणी काढली, लेकाच्यानं! लोक आमच्याकडे येत ते जावयासारखे. नागपूरकडचं एक कुटुंब पोटभर जेवून गेलं, आणि मोबाईलवर लिहून गेलं की ठेचा फार तिखट आहे, लहान मुलांचा विचार करावा.

माझ्या टाळक्यात शिरायला पूर्ण उन्हाळा गेला. तुझा ड्रायव्हर जेवायचा तेव्हा मागं बसभर लोक पैसे देऊन जेवायचे. इथं ड्रायव्हर तोच मालक, गिऱ्हाईकही तोच. त्याच्या मागं कोण? बायको, दोन लेकरं, आणि तेही फुकटच्या ताटावर. तुझी रीत खरी होती, मी ती चुकीच्या गाडीला लावली. समोरच्यानंही तीच लावली, कारण चाचांचीही तीच होती. दोघं मिळून आपापल्या चुलीनं आपापलं घर जाळत होतो आणि बिर्याणीचा वास घेत एकमेकांकडे डोळे वटारत होतो.

चहाचं तुमचं भांडण मला या दिवसांत फार आठवतं. चाचांनी कपामागं चार आणे कमी केले, तू केलेस. त्यांनी दूध कापलं, तू साखर कापलीस, मग दोघांचे ग्लासच लहान झाले. शेवटी एका कंडक्टरनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमी दोघंबी चाय नाई, भांडे धुवाचं पाणी इकून राह्यले!" त्या दुपारी तू डोक्यावर पदर घेतलास आणि रस्ता ओलांडलास. हॉटेलवाला समोरच्या हॉटेलच्या ओट्यावर पाय ठेवत नाही, तिथलं पाणीसुद्धा पीत नाही, हे आपल्या धंद्यात लहान पोरालाही ठाऊक. तू जाऊन त्यांच्या बाकड्यावर बसलीस. चहा मागवलास, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलीस, पैसे ठेवलेस. "चाचा, तुमची चाय माह्या चायपक्षा खराब हाय. आन् माही तुमच्यापक्षा. उद्यापासून जुना भाव." चाचा खो खो हसले. "ठीक है बाई." संपलं. मी इकडे दारात उभी होते, जीव मुठीत धरून. तू परत आलीस तेव्हा तुला मिठी मारावी असं मला वाटलं होतं. पण आपल्याकडे तशी पद्धत नव्हती, मी कांदे कापायला बसले.

मग आता मी का गेले नाही, असं विचारशील. कारण तुमच्या वेळी भाव तुमच्या तोंडात होता, माय. आमचा भाव कुठं राहतो तेच मला माहीत नाही. मी आणि भाई दोघं कुराणा-गीतेवर हात ठेवून बसलो तरी पाटीवरचा आकडा हलणार नाही. एवढं म्हणून मी स्वतःला थांबवत राहिले. खरं कारण राग होतं. त्याच्या बिर्याणीचा राग.

परवा कंपनीच्या साहेबाचा फोन आला. साहेब कसला, पोरगाच आहे, गोड बोलतो. "ताई, आपण एक फॅमिली आहोत." मी मनात म्हटलं, आता काहीतरी कापणार. तसंच झालं. माझ्या वाट्याचे दर युनिटचे पैसे वर्षभर निम्मे करायचे. त्या बळावर कंपनी युनिट बाराला आणणार. "समोरचा दोन महिने टिकत नाही ताई. तो बसला की रस्ता आपला. मग भाव आपण म्हणू तो." आणि मी नाही म्हटलं तर? "मग मशीन आम्हाला दुसऱ्या साईटवर हलवावं लागेल." मशीन गेलं तर मोठ्या लाईनचं बिल माझ्या गळ्यात राहतं आणि नुसत्या चहा-भज्यांवर ते निघत नाही. तुझी ही जागा विकावी लागेल. आणि सही केली तर भाईची विकली जाईल. एवढं सरळ आहे ते. आता सहीसुद्धा कागदावर नसते. मोबाईलवर सहा आकडे येतात, ते फोनवर सांगितले की सही झाली. याला ओटीपी म्हणतात.

त्याच दिवशी भर दुपारी, डांबर चटके देत होतं तेव्हा, मी रस्ता ओलांडला. तुझ्यासारखं ठरवून नाही. भांडायलाच निघाले होते. त्याच्या ओट्यावर चढले आणि म्हटलं, "भाई, तुयाशी बोलाचं हाय." तो गल्ल्यावरून उठलाच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आपा, तुलेबी फोन आला ना?"

मी बाकड्यावर बसले.

त्यालाही तेच सांगितलं होतं. निम्मे पैसे, बाराचा भाव, समोरची दोन महिन्यांत बसते, मग रस्ता आपला. फक्त त्याच्या साहेबानं फॅमिलीच्या ऐवजी पार्टनर म्हटलं होतं. आम्ही दोघं हसलो, आणि मग हसू पुरलं नाही. त्याचे डोळे लाल होते. चाचांच्या औषधासाठीसुद्धा ज्या जमिनीला हात लावला नव्हता, ती विकून त्यानं लाईन घेतली होती. हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं समोर राहून.

"पाह्य आपा," तो म्हणाला, "एवढ्या लोडची लाईन या रस्त्यावर फकस्त तुयाकडं अन् माह्याकडं हाय. दोघाईनंबी नाई म्हटलं त ते मशीन कुठं नेतीन? नवी लाईन ओढाले त्याईले वरीस लागते. झक मारून जुन्या पैशावर ठेवतीन."

"आन् एकानं हो म्हटलं त?"

"त दुसरा गेला."

"मंग तू म्हणशीन का?"

"तू म्हणशीन का?"

असं आम्ही दोन म्हातारी होत आलेली माणसं, शाळेतल्या पोरांसारखं एकमेकांना विचारत बसलो. शेवटी ठरलं, ओटीपी द्यायचा नाही. कुणीच नाही. बिर्याणी बंद, ठेचा बंद, दोन्हीकडे चहाचे पैसे. त्यानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली, मी तुझी घेतली. परत येताना मला फार बरं वाटलं, माय. पाय भाजत होते आणि मला बरं वाटत होतं. तुझी लेक शोभले असं वाटलं.

ते बरं वाटणं दोन दिवससुद्धा टिकलं नाही. काल त्याच्या अंगणात एक पांढरी गाडी आली, शर्ट खोचलेला माणूस उतरला, दोघं आत जाऊन बसले. कोण होता? गिऱ्हाईक असेल. पण गाडी मशीनला लावली नव्हती. मी भजी तळत होते आणि झारा तसाच हातात. आज सकाळी त्याची पाटी साडेतेरावर आली. बारा नाही, साडेतेरा. म्हणजे त्यानं सही केली नाही? की केली आणि कंपनी हळूहळू उतरवते आहे? सरळ जाऊन विचारावं, तर शपथ घेतलेल्या माणसाला काय विचारायचं? आणि तो खोटं बोलला तर मला कळेल का? तू माणसाचा आवाज ऐकून सांगायचीस, हा उधारी बुडवणार. मला ते येत नाही. तुझ्याकडून माझ्यात फक्त राग उतरला, बाकी काही नाही.

हे पत्र कुठं टाकणार आहे मी? तुझ्या नावानं पोस्टात टाकलं तर पोस्टमन माझ्याच दारात आणून देईल. पण लिहायला बसले, कारण एक गोष्ट आहे जी भाईला सांगता येत नाही, घरात सांगता येत नाही.

पाटी बदलल्यावर तासाभरानं साहेबाचा फोन आला. "ताई, आज शेवटचा दिवस. मेसेज आलाय बघा, आकडे सांगा." मी नाही म्हणणार होते. देवाशपथ म्हणणार होते. पण समोर साडेतेरा दिसत होते, आणि माझ्या तोंडून पहिला आकडा गेला. मग दुसरा. मग तिसरा. मी मान वर केली, तर पलीकडे भाई त्याच्या मशीनपाशी उभा, कानाला फोन, आणि माझ्याकडे बघतोय. मी थांबले. इमान आठवलं म्हणून नाही, माय. तो बघतोय म्हणून थांबले. फोन कापला.

त्याचे ओठ हलत होते. नाही म्हणत होता की आकडे सांगत होता, एवढ्या लांबून कळत नाही. मग त्यानंही फोन खाली घेतला आणि मला हात केला. मीही केला.