रस्त्याचे पॅड, ट्रॅकचे पॅड

सोमवार, १२ जानेवारी

सगळं बिघडलं ते आज सकाळी, जुन्या बाजाराच्या सिग्नलला. त्याच्या आधी सगळं बरं चाललं होतं.

सायलीचे आई-बाबा अमरावतीहून आले. पहिल्यांदाच. मला बघायला येतायत असं कोणी म्हटलं नव्हतं, पण मला बघायलाच. त्यांना स्टेशनवरून शनिवार पेठेत सा.च्या रूमवर सोडायचं, एवढंच माझं काम. इस्त्रीचा शर्ट. गाडी आतून-बाहेरून पुसलेली. फक्त काल रेसिंग ट्रॅकवरून आल्यावर ब्रेकचे पॅड बदलायचे राहिले. दमलो होतो, सा.शी फोनवर बोलत पडलो, तसाच झोपलो. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत. तिथे दोन चकरा मारल्या की असे चिकटतात की बेल्ट छातीत रुततो. पण जानेवारीतल्या सकाळी, गाडी नुकती स्टेशनातून निघालेली, तर लाकडाच्या फळ्या.

पाय पूर्ण खाली दाबलेला. गाडी अगदी आरामात पुढच्या रिक्षाला जाऊन टेकली. टेकली, धडकली नाही. वर किंचाळली अशी की अख्खा चौक वळून बघायला लागला. रिक्षावाला उतरला, मीही उतरलो, बोलाचाली झाली. परत वळलो तर तिचे बाबा बॅगा घेऊन खाली उभे. "तुम्ही या सावकाश. आम्ही रिक्षा करतो."

आणि त्याच रिक्षात बसले. त्याच.

मंगळवार, १३ जानेवारी

ट्रॅकचे पॅड काढले, रस्त्याचे लावले. आता काय उपयोग.

सा. फोन उचलत नाही. एकच मेसेज, मीटिंगमध्ये आहे. हिंजवडीत लोक काम कधी करतात, सदा मीटिंगमध्येच.

जॅक लावला की फॅक्टरी क्वार्टर्समधले सगळे गोळा होतात. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, काल लावलेलं आज काढतोस, आज काढलेलं उद्या लावशील, नोकरीच आहे की ही. पप्पा वरून गॅलरीतून ऐकत होते. हसले. माझे स्वतःचे पप्पा.

गुरुवार, १५ जानेवारी

सा. भेटली. तिळगूळ कालचा, तोही ऑफिसात वाटून उरलेला.

तिचे बाबा काही बोलले नाहीत म्हणे. काही म्हणजे काहीच. रेल्वेत बसून अमरावतीला गेले, पोचल्याचा फोन केला, तब्येत विचारली, माझं नाव नाही. आईने तेवढं विचारलं, तो कॉलेज पुरं करणार आहे का. ८ फेब्रुवारीला पुन्हा येतायत, चिंचवडला नात्यात लग्न आहे. "तेव्हा बघतील म्हणे. मी काही सांगितलं नाही, तूच काय ते कर न."

मी म्हटलं, करतो. एकच सेट शोधतो, रस्त्यावर पण चालेल आणि ट्रॅकवर पण. म्हणजे बदलायचं विसरायचा प्रश्नच नाही.

"पॅडचं म्हणतोयस?"

हो, पॅडचंच. ती कपातल्या चहाकडे बघत बसली. नाराज आहे अजून. साहजिक आहे. तिच्या बाबांचा हात डॅशबोर्डवर आपटला होता, मी पाहिला.

शनिवार, १७ जानेवारी

नाना पेठ. तीन दुकानं. पहिल्याने गाडीचं मॉडेल विचारलं आणि मान हलवली. दुसरीकडे पॅडऐवजी ब्रेक-शू दाखवले. तिसऱ्या दुकानातला चष्मेवाला म्हातारा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "गाडी पळवायची आहे की थांबवायची?"

मी म्हटलं दोन्ही. रस्त्यावर आणि ट्रॅकवर.

"मग दोन गाड्या घ्या."

पेपर पलटला. संपला विषय. भांडायला लागलो तर म्हणाला, "आवाज कमी. ब्रेक तुम्हाला पाहिजेत, आम्हाला नाही."

याला म्हणतात गिऱ्हाईक करणं. पुणे.

रविवार, १८ जानेवारी

पप्पांशी वाजलं. त्यांचं नेहमीचं. इतकी वर्षं फॅक्टरीत एक भोंगा चुकला नाही, आणि मुलगा गाडी घेऊन गोल गोल फिरतो.

गोल गोल फिरत नाही. शिकवतो. ज्यांनी नवीन गाडी घेतलीय आणि चालवता येत नाही, त्यांच्या शेजारी बसतो आणि सांगतो, आता ब्रेक, आता सोड, आता गॅस. मोठमोठे साहेब असतात, मुकाट्याने ऐकतात. तिथे कोणी विचारत नाही कुठल्या वर्षाला सोडलं, का सोडलं. तिसऱ्या वर्षाला सोडलं. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर जर्नल परत फेकलं, मी उचलून त्यांच्या टेबलावर फेकलं आणि निघालो. परत गेलो नाही. माफी मागितली असती तर आज डिग्री असती, असं घरात दर रविवारी निघतं. आज रविवार.

सा. हे सगळं जाणून आहे. ती तेव्हा शेजारच्या बाकावर होती. म्हणून तर.

बुधवार, २१ जानेवारी

बोपोडीला बबलूदादाच्या गॅरेजवर. तो म्हणतो मधले पॅड येतात, थंडीत पण धरतात, तापल्यावर पण बऱ्यापैकी. पण दोन्हीकडे थोडं थोडं रडतात. रस्त्यावर आवाज करतात आणि चाकं काळी करतात. ट्रॅकवर लवकर दमतात. तुझ्यासारख्याने दोन सेटच ठेवावेत, शनिवारी घाल, रविवारी काढ, तासाभराचं काम.

मी म्हटलं तेच तर विसरलो ना दादा.

"मग विसरू नकोस, निन्या. त्याला पॅड काय करणार?"

सगळ्यांना बोलायला सोपं आहे. मधले मागवले.

रविवार, २५ जानेवारी

ट्रॅक. मधले पॅड. सकाळी खडकीतून निघताना मस्त, पहिल्याच ब्रेकला पकडले. खूश झालो. तिथून सा.ला मेसेज केला, जमलं.

जमलं नव्हतं. चौथ्या चकरेला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला, पेडल दगडासारखं कडक आणि गाडी चालूच. मातीत गेलो. कोणाला लागलं नाही. शेजारी शिकायला बसलेले साहेब धूळ झटकत म्हणाले, हे पण शिकवण्यातलंच का? सगळे हसले. मी दोन शब्द बोललो. त्यांनी पुढच्या वेळी दुसरा माणूस मागितलाय.

सा.चा अंगठा आला होता उत्तरात. तो तसाच राहू दे.

गुरुवार, २९ जानेवारी

दुसरे मागवले. मधल्यांपेक्षा एक पायरी वरचे. आज आले. हे नक्की. यांच्याबद्दल सगळ्यांनी चांगलं लिहिलंय.

नवीन पॅड नुसते लावून होत नाही, डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. वेग धरायचा, जोरात ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही, सोडायचा, परत वेग, परत ब्रेक. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढतो. मग न थांबता गार होईपर्यंत चालवत राहायचं. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलास तर गेलं सगळं, असं बबलूदादाने दोनदा सांगितलं. मी काय लहान आहे का.

शनिवार, ३१ जानेवारी

गेलं सगळं.

पहाटे मिलिटरी डेपोच्या मागचा रस्ता धरला, तिथे तेव्हा काळं कुत्रं नसतं. छान चाललं होतं. पॅडचा वास यायला लागला, म्हणजे बसतायत. तेवढ्यात गेटवरचा जवान रस्त्यात आला, हात वर. बरोबर आहे त्याचं, मिलिटरीच्या भिंतीशेजारून कोणी पुन्हा पुन्हा सुसाट येतो आणि करकचून ब्रेक मारतो, तो थांबवणारच. थांबलो. त्याने विचारलं, क्या चल रहा है. मी सांगितलं, ब्रेक बिठा रहा हूँ. त्याला पटेना. ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं माझे पप्पा याच खडकीत फॅक्टरीत आहेत, आयुष्य गेलं माझं या रस्त्यावर, मला काय विचारता. तो म्हणाला, आवाज नीचे. तिथून माझा वरच गेला.

गेटपाशीच्या उतारावर, गाडी गिअरमध्ये, पाय ब्रेकवर, भांडत राहिलो. एवढा वेळ. हँडब्रेक ओढायचं सुचलं नाही. पाय उचलायचं सुचलं नाही. ओळखपत्र खिशातच होतं, दिलं असतं तर सोडलंच असतं त्याने.

तापलेले पॅड एका जागी चिकटून राहिले. आता ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, हातात मिक्सर धरल्यासारखं.

सोमवार, २ फेब्रुवारी

बबलूदादाने चाक फिरवून बघितलं. डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळा ठसा, स्पष्ट. विचारलं, कुठे थांबलास? सांगितलं. कोणासाठी थांबलो ते नाही सांगितलं.

डिस्क घासून बघतो म्हणाला, नाहीतर नवीन. पॅडना दोष देऊ नको म्हणाला, पॅड चांगले होते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सा.ला शिवाजीनगरहून घरी सोडलं. गाडी थरथरत होतीच. प्रत्येक सिग्नलला तिची पर्स मांडीवर नाचायची. मी आपला समजावत होतो, हे काही विशेष नाही, ठसा उमटलाय, जवानामुळे झालं, नवीन डिस्क टाकतोय, आठ तारखेपर्यंत गाडी लोण्यासारखी थांबेल, बाबांना काही...

"बाबा ब्रेकमुळे नाही उतरले रे."

मग काय आवडलं नाही, शर्ट?

तेव्हा तिने आईकडून ऐकलेलं सांगितलं. गाडी टेकली तेव्हा बाबा म्हणाले होते, होतं असं कधी, मशीन आहे. आईला म्हणाले, घाबरू नको. मग मी खाली उतरलो. रिक्षावाला नुसता बंपर बघायला वाकला होता, तो वर यायच्या आत मी त्याची कॉलर धरली. आणि जे बोललो ते तिच्या आईने ऐकलं. "आई मला विचारत होती, हे असं घरी पण बोलतो का म्हणून. मी काय सांगू, तू सांग."

मी म्हटलं, म्हणजे इतके दिवस मी येड्यासारखा नाना पेठ फिरतोय आणि तू आत्ता सांगतेस? आवाज चढला असणार. ती म्हणाली, बघ. एवढंच. बघ. नदीच्या पुलापाशीच उतरली, तिथून चालत गेली.

कॉलर धरली होती? धरली होती. लक्षात आहे. मी लिहिलं नाही एवढंच.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तिचा फोन नाही. मी केला नाही. मग केला. उचलला नाही. मग मेसेज, रविवारी दुपारी ये रूमवर, बाबा भेटतील. गाडी आणू नकोस असं नाही, आण, पण त्यांना कुठे न्यायचं नाहीये.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

नवीन डिस्क. रस्त्याचे साधे पॅड. सकाळी खडकीतून निघून विद्यापीठाच्या चौकापर्यंत जाऊन आलो. पहिल्या ब्रेकला थांबते, आवाज नाही, थरथर नाही. इतकी शहाणी गाडी की चालवताना झोप येईल. ट्रॅकचा सेट डिकीत पिशवीत. म्हणजे बबलूदादा पहिल्या दिवशी म्हणाला तेच, एवढा सगळा खेळ करून.

पप्पा म्हणाले, रविवारी जाताना हार नको, फळं ने.  

रविवार, ८ फेब्रुवारी

तिच्या घरमालकीण काकूंनी दार उघडलं. चपला बाहेर, शेल्फवर, जोडीने. आत तिचे बाबा पंख्याखाली खुर्चीत, लग्नाचा फेटा मांडीवर. आई आत. सा. दारापाशी उभी, माझ्याकडे बघत नव्हती.

मी ठरवून गेलो होतो, रिक्षावाल्याचं आधी बोलायचं. माफी. वाक्य तयार होतं. ते विचारत होते कसे आलात, पप्पा कुठे असतात, आणि मग, "गाडीचं झालं का मग काम?" आणि मी सुटलो. दोन सेट, रस्त्याचा वेगळा, ट्रॅकचा वेगळा, शनिवारी घालायचा, रविवारी काढायचा, आता विसरणार नाही, फोनमध्ये गजर लावलाय. हातवारे करून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वर्गात पोराचं ऐकावं तसं. ते शिक्षक आहेत, सा.ने सांगितलं होतं, तेव्हा माझ्या डोक्यात राहिलं नाही.

मग म्हणाले, "म्हणजे कोणत्या दिवशी कोणते लागलेले आहेत, हे फक्त तुम्हालाच माहीत न?"

मी म्हटलं हो.

"आणि शेजारी बसणाऱ्याला?"

रागाने नाही. खरंच विचारलं. मी सा.कडे बघितलं, ती माझ्याकडेच बघत होती, आत्ता. उत्तर तिलाही पाहिजे होतं. कान तापले. ते मला कळतं, आधी कान तापतात, मग आवाज. म्हणायचं होतं की त्या दिवशी चुकलो. म्हणायचं होतं की मग तुम्ही कशाला विचारता, पोरगी द्यायची नाही तर. दोन्ही एकदम तोंडाशी आलं आणि कुठलं आधी बाहेर पडेल ते मलाच कळेना. उठलो. फळांची पिशवी हातातच होती, ती स्टुलावर ठेवली.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चहा टाकलाय. बसणार असाल तर बसा, जाणार असाल तर दार ओढून घ्या, मांजर आत येतं."

सा. म्हणाली, "निनाद."

मी म्हटलं, आलोच. जातो नाही म्हटलं, आलोच म्हटलं, हे नक्की. मग बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं. आपटलं की नुसतं ओढलं, ते मात्र आठवत नाहीये.