केसभर अंतरावरचा न्यूटन

२८ सप्टेंबर २०२५
निवृत्तीनंतर रिकामं बसायचं नाही. केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतरावर न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम चालतो का, हे तपासणार. परदेशात यावर कोट्यवधी खर्चतात. माझ्याकडे आंब्याची खोली आहे. बारीक तारेला दांडी टांगली, टोकाला पितळी चकती, समोर दुसरी स्थिर. दांडी हलली की तिच्यावरच्या आरशातून लेझरचा ठिपका भिंतीवर सरकतो.
विनीताने विचारलं, "आणि आंब्यांका जागा खंय?" बायकोला विज्ञान कळत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
विनीताने कोयता, विळी, स्कूटर पुजली. माझंच यंत्र तेवढं उपाशी? मी स्वतः दोन्ही चकत्यांना हळदकुंकू लावलं. अगदी बोटभर.

३ ऑक्टोबर, सकाळी ७
चकत्या केसाएवढ्या जवळ आणल्या. ठिपका झपकन सरकला, परत आलाच नाही! एवढी ओढ न्यूटनच्या बापाने पाहिली नसेल.
प्राजक्ताला फोन. माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी, पुण्यात हेच प्रयोग करते. म्हणाली, सर, चकत्या पुसल्या होत्या का? मत्सर, दुसरं काय. तरी म्हणाली, येते.

५ ऑक्टोबर
वाचनालयाच्या बाबूला सांगितलं. पुढच्या रविवारी सत्कार ठरला. बॅनर छापला: 'न्यूटनला मात देणारे गुरुदास सर'. मी नको म्हणालो. एकदाच.

११ ऑक्टोबर, दुपारी
प्राजक्ता आली. भिंगातून पाहिलं. म्हणाली, "सर, ही हळद आसा. दमट हवेत चिकटताहा." स्पिरिटने पुसून चकत्या पुन्हा तेवढ्याच जवळ आणल्या. ठिपका जागचा हलेना. मी म्हणालो, हळदीलाही वस्तुमान असतं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. उद्या कार्यक्रमात तुम्हीच सांगा म्हणाली, तुम्हीच शिकवलंय, चूक आपण होऊन सांगायची. कबूल केलं. बाबूला आजच कळवायला हवं, पण तो बॅनर लावण्यात गुंतला होता.

१२ ऑक्टोबर
तुडुंब गर्दी. प्राजक्ता पहिल्या रांगेत. बोलायला उभा राहिलो तोच टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत काय सांगायचं ते राहूनच गेलं. न्यूटनबद्दल दोन चांगले शब्द बोललो. मोठ्या मनाने. शाल घेतली.
घरी विनीताने विचारलं, "खरा काय ता सांगलात?" म्हटलं, वेळ कमी होता. तिने तिसरं ताट उचलून आत ठेवलं.
प्राजक्ता जेवायला आली नाही. स्टँडवरूनच पुण्याची गाडी धरली. मला लाज वाटली.