गुंडीत मावणारी आजी

ता. ३ जून

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट तुझ्या आईने मला वाचून दाखवली. अवकाशात निघालेली ती पोर, तिच्या कोटाच्या गुंडीत साठवलेलं मेलेल्या आजीचं जन्मभराचं बोलणं, आणि पोरीने काही विचारलं की गुंडी आजीच्या आवाजात उत्तर देते. मला बाई फार आवडली. आणि तो संपादक म्हणतो, एवढं बोलणं गुंडीत मावायचं नाही, हिशेब पटला तरच छापू? तुझी पहिलीच गोष्ट, आणि अशी अडवतो मेला.

तू खुशाल हिशेब मांड. माझंच बोलणं धर. मी दिवसाला किती बोलते ते ह्यांना विचारलं, तर म्हणतात, मोजायला तू मधे थांबतेस कुठे. जोडाक्षरं चुकली असतील, तेवढी गोड मानून घे.

तुझी आजी

ता. ११ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

हिशेब मांडला. दिवसाला वीस हजार शब्द, अशी सत्तर वर्षं, म्हणजे एकावन्न कोटी शब्द. आवाजासकट साठवले तरी फोनमधल्या नखाएवढ्या कार्डात मावतात, वर निम्मं कार्ड रिकामं. संपादकांना पटलं. पण आता म्हणतात, गुंडी खरी वाटते, आजीच खरी वाटत नाही. आठवड्यात सुधारून द्या, नाहीतर राहू द्या. काय चुकलं तेच कळत नाही.

आजोबांना नमस्कार. लोभ आहेच.

तुझी भिंगरी

ता. १४ जून

चि. भिंगरीस अ. आ.

निम्मं कार्ड रिकामं म्हणजे काय? शेजारणीला तुझं पत्र ऐकवलं, तेव्हापासून ती मला मितभाषी म्हणून चिडवते आहे.

आता ऐक. तुझी पोर विचारते, आजी, परत फिरू का, आणि गुंडी लगेच सल्ला देते. मी कधी दिला? तू नोकरी सोडून लिहिणार म्हणालीस, तेव्हा मी मटार सोलत बसले. सगळे सोलून झाल्यावर म्हटलं, "जरा सरक, उजेड येऊ दे." तू काय ते समजलीस. ते रिकामं निम्मं माझं गप्प बसणं आहे. तेही गुंडीत घाल.

तुझी आजी

ता. २३ जून

चि. भिंगरीस अ. आ.

संपादक फोनवर बराच वेळ गप्पच होता आणि मग छापतो म्हणाला, असं तू लिहिलंस ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हेही काही बोलले नाहीत. उठून माझ्यासाठी चहा टाकला.

माझं गप्प बसणं घालूनही गुंडीत उरेल ती जागा कुणाला देऊ नकोस. मला अजून पुष्कळ बोलायचंय.

तुझी आजी