जोडाखालची फूट

बाबा, आज मी आपल्या आरमोरीच्या घराच्या अंगणात संत्र्याचं कलम लावलं. रोपवाटिकेत गोड म्हणून तीन कलमं होती: संत्रं, मोसंबी आणि गोड लिंबू. मी एकेक उचलून पाहत होते, तेव्हा तिथले माळीभाऊ म्हणाले, "घरी खाले पाह्यजे असन तं मोसंबी न्या, बाई. संत्र्याले लय जपा लागते. खानारे किती हायेत?" मी म्हटलं, "मी एकटीच." ते हसले. "मंग तं एक झाडही जास्त होते तुमाले!" तरी मी संत्रंच उचललं. का, ते तुम्हालाच सांगायचं आहे.

मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटात होते. वसतिगृहात भेटायला येताना तुम्ही संत्री आणायचात, आणि मी त्यांच्या साली उशीखाली ठेवते हे सिस्टरनी तुम्हाला सांगितलं. म्हणून त्या पावसाळ्यात तुम्ही एसटीतून, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं कलम मांडीवर घेऊन घरी आलात आणि ते याच अंगणात लावलंत. पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीत घरी आहे, तुम्ही जंगलातल्या लाकडांच्या डेपोवर ड्युटीला निघाला आहात. उकिडवे बसून मला जोड दाखवता: खाली रानटी, आंबट जंबेरी लिंबाचा खुंट, वर त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा. "याच्या खालून फुटलं का मोडून टाकजो, बेटा. ते वरच्याले जेवू देत नाई."

फूट आली. सरळ, हिरवीगार, वरच्या किरट्या फांदीपेक्षा कितीतरी देखणी. माझ्याने ती मोडवली नाही. सुट्टी संपता संपता तुम्ही परतलात, तोवर वरचं संत्रं वाळलं होतं. ती काटकी मी चुलीत घातली आणि जोडावर माती ओढली. फळझाडांचं तुम्हाला विकणाऱ्याने सांगितलं तेवढंच ठाऊक, पानांवरून जात ओळखू यायची नाही. हिरवं झाड पाहून तुम्ही केवढे खूश झालात!

पुढे फळं आली ती जाड सालीची, खडबडीत. तुम्ही एक फोड तोंडात टाकलीत आणि डोळे मिटलेत. "आपली मातीच आंबट हाये, बेटा. मोसंबी आनाले पाह्यजे होती. मीच चुकलो." आई त्यांचं लोणचं घालत राहिली. तुम्ही मात्र पुन्हा कधी अंगणात फळझाड लावलं नाहीत.

माझ्या ख्रिस्ती मैत्रिणी चॅपलमध्ये कन्फेशनला, फादरपाशी चूक कबूल करायला जायच्या आणि हसत परत यायच्या. मला त्यांचा हेवा वाटे. सुट्टीत विहारात तुमच्या शेजारी बसून खोटं न बोलण्याचं शील म्हणताना मी आवाज खाली घ्यायची.

फळ धरायला चार-पाच वर्षं लागतील. तोवर मी असेन, नसेन. पण माती चांगली आहे, बाबा. ती फूट मी ठेवली होती. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. तुम्ही आज समोरच्या खुर्चीत असता, तर मी गुपचूप चहा ठेवला असता आणि तुम्हाला मातीलाच दोष देऊ दिला असता.